डोंगरवाऱ्यात पंपाचा स्टोव्ह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी आणि शेजारच्या चंदगड भागातून डोंगरभटकंतीला किंवा यात्रेला जाणारी मंडळी घासलेटच्या आणि पेट्रोलच्या स्टोव्हबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत आणि पुढे पुढे अवघड प्रसंग येतात. एकाच गोष्टीचा दोनदा खुलासा टाळण्यासाठी जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

1. वाऱ्यात पंपाचा स्टोव्ह वापरणे मुळात सुरक्षित आहे का?

योग्य तयारी केल्यास सुरक्षित आहे. गॅसच्या छोट्या शेगडीपेक्षा पंपाचा स्टोव्ह वाऱ्यात अधिक टिकतो, कारण त्याची ज्योत दाबाने बाहेर पडते. मात्र धोका नेमका कोठे आहे, हे ओळखले पाहिजे. वाऱ्याने स्टोव्ह विझला, तर चहाला उशीर होतो, एवढेच. भाजण्याचे आणि गुदमरण्याचे प्रसंग बहुधा वाऱ्यापासून स्टोव्ह वाचवण्यासाठी आपण जे करतो त्यातून ओढवतात : बर्नर पुरता तापण्याआधी घाईने पंप मारणे, टाकीसकट स्टोव्हला चहूबाजूंनी पत्र्याने वेढणे, किंवा कंटाळून तो तंबूत नेणे. पुढील बहुतेक उत्तरे या तीन चुकांभोवतीच फिरतात.

2. घरातला जुना पितळी स्टोव्ह नेला तर चालेल का, की ट्रेकिंगचा बाटलीवाला स्टोव्हच घ्यावा?

दोन्ही चालतात, पण दोघांचे नियम वेगळे आहेत. पितळी स्टोव्ह हा स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी 1892 साली तयार केलेल्या प्रायमस स्टोव्हच्या घराण्यातला आहे. त्यात घासलेटची टाकी बर्नरच्या थेट खाली असते, त्यामुळे बर्नरची उष्णता अडकली की ती आधी टाकीत उतरते. ट्रेकिंगच्या स्टोव्हमध्ये इंधनाची बाटली नळीने जोडून बाजूला ठेवतात, म्हणून त्याच्या बर्नरला जवळून आडोसा करता येतो. वजन आणि स्थैर्य पाहता डोंगरासाठी दुसरा प्रकार सरस आहे. तरीही तो विकत घेणे शक्य नसेल, तर पितळी स्टोव्ह कमी दर्जाचा समजू नये. प्रायमस जातीच्या स्टोव्हवर स्वयंपाक करीत अमुंडसेन यांची तुकडी 1911 साली दक्षिण ध्रुवापर्यंत गेली होती.

बर्नर निवडण्याची संधी असेल, तर भर्रर्र आवाज करणारा घ्यावा. बिनआवाजी बर्नरची ज्योत अनेक बारीक छिद्रांतून पसरते आणि वाऱ्याने लवकर विस्कटते.

3. इंधन कोणते वापरावे : घासलेट, पेट्रोल, डिझेल की स्पिरिट?

आमची पसंती घासलेटला आहे आणि त्यामागे एकच ठोस कारण आहे. घासलेटाची पेट घेण्याइतकी वाफ साधारण 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला तयार होते, तर पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे 40 अंशांनाही पेटू शकते. सांडलेले घासलेट थंड जमिनीवर काडीने सहसा लगेच पेटत नाही. पेट्रोल मात्र ठिणगीची वाटच पाहत असते, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत सरपटत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते.

पेट्रोल केवळ त्यासाठीच बनवलेल्या किंवा सर्व इंधनांवर चालणाऱ्या स्टोव्हमध्ये, निर्मात्याने सांगितलेली जेट, म्हणजे बारीक भोकाचे निपल, बसवूनच वापरावे. सध्या पंपावरील पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने काही जुने रबरी वॉशर फुगतात किंवा कडक होतात, म्हणून असे पेट्रोल वापरणाऱ्याने प्रत्येक मोसमाच्या आरंभी वॉशर तपासावेत. डिझेल काही स्टोव्हमध्ये जळते, पण बर्नर तापायला फार वेळ घेते आणि काजळी धरते. वाऱ्यात त्याच्या वाटेला जाऊ नये. स्पिरिट बर्नर तापवण्यापुरतेच ठेवावे. त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, हे कायम ध्यानात असावे.

4. घासलेट मिळाले नाही, म्हणून पितळी स्टोव्हमध्ये थोडे पेट्रोल मिसळले तर?

नाही. थोडेसुद्धा नाही. पितळी स्टोव्हची टाकी चालू असताना कोमट होतेच, आणि पेट्रोलला तेवढी ऊब पुरते. टाकीतला दाब झपाट्याने वाढतो, आणि दाब उतरवण्यासाठी हवेचा स्क्रू सैल केला की ज्या वाफेचा फवारा बाहेर येतो, ती ज्योतीपासून काही इंचांवरच पेटते. घासलेटच्या बाबतीत जो स्क्रू आपला बचाव करतो, तोच पेट्रोलच्या बाबतीत घात करतो. घासलेट मिळाले नाही, तर त्या दिवशी चिवडा, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांवर भागवावे.

5. डोंगरावर स्टोव्हसाठी जागा कशी निवडावी?

पहिली गोष्ट म्हणजे जमीन. चोर्ला आणि कणकुंबीच्या बाजूचे जांभ्याचे सडे सपाट दिसतात, पण त्यांचा पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा असतो आणि स्टोव्हचे तीन पाय एकाच पातळीत बसत नाहीत. पाणी भरलेले पातेले ठेवण्याआधी रिकाम्या स्टोव्हला बोटाने हलवून पाहावे. तो डुगडुगत असेल, तर पायाखाली चिपा न लावता जागा बदलावी, कारण उकळत्या पातेल्याच्या हिसक्याने चिपा सरकतात. भोवतालचे गवत आणि पाचोळा किमान दहा फूट साफ करावा.

दुसरी गोष्ट आडोसा. मोठ्या खडकामागे किंवा गडाच्या तटामागे वारा लागत नाही असे वाटते, पण तटावरून उडी घेतलेला वारा पलीकडे खाली वळतो आणि भिंतीच्या पायथ्याशी उलट फिरतो. येळ्ळूरच्या राजहंसगडासारख्या उघड्या टेकडीवर हे सहज अनुभवता येते. तटाला पाठ लावून बसलेल्या माणसाच्या तोंडावर धूळ समोरून येते. म्हणून स्टोव्ह मांडण्यापूर्वी हातभर सुतळीचा तुकडा त्या जागी, जमिनीपासून वीतभर उंचीवर धरावा आणि मिनिटभर पाहावा. सुतळी एकाच दिशेने हलत असेल, तर तेथे आडोसा लावून काम भागते. ती गरगर फिरत असेल, तर ज्योत कोणत्या क्षणी हाताकडे वळेल, याचा भरवसा नसतो. अशा वेळी भिंतीपासून आणखी दूर जावे किंवा खोलगट जागा शोधावी.

तिसरी गोष्ट वेळ. घाटमाथ्यावर उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडचा वारा कड्यावरून वर चढतो आणि रात्री तो पडतो किंवा फिरतो. संध्याकाळी पूर्वेकडच्या आडोशाला केलेली चूल पहाटे उघड्यावर पडू शकते. सकाळच्या चहाला सुतळी पुन्हा धरून पाहावी.

6. आडोसा किती जवळ आणि किती बाजूंनी लावावा?

पितळी स्टोव्हला तीन बाजूंनी, स्टोव्हपासून किमान वीतभर अंतरावर आडोसा असावा आणि वारा जिकडे वाहत जातो ती बाजू पूर्ण मोकळी ठेवावी. टाकीभोवती हवा खेळलीच पाहिजे. दर पाच मिनिटांनी टाकीला तळहात लावावा. हात सहज ठेवता येत असेल तर ठीक. चटका बसून हात मागे घ्यावा लागला, तर लगेच स्टोव्ह विझवून आडोसा लांब करावा.

बाटलीवाल्या स्टोव्हला ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा आडोसा भांड्यापासून दोन बोटे अंतरावर लावता येतो, पण इंधनाची बाटली नेहमी आडोशाच्या बाहेर, नळी पुरेल तितकी दूर असावी. पत्र्याच्या खालच्या कडेला हवा आत जाण्यासाठी फट ठेवावी.

सतरंजी, चादर, पुठ्ठा किंवा रेनकोट धरून दोघांनी उभे राहणे ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे आणि ती थांबली पाहिजे. वाऱ्याच्या एका झोताने कापडाचे टोक ज्योतीवर येते, आणि ते धरणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा जांभ्याच्या दगडांनी पक्का केला, तर तो फुकटात होतो आणि पेटत नाही.

7. घरी स्टोव्ह नीट पेटतो, पण डोंगरावर पेटवताना भडका का उडतो?

याचे कारण बर्नर पुरता न तापणे हे आहे. पंपाच्या स्टोव्हमध्ये घासलेट द्रवरूपात जळत नाही. ते तापलेल्या बर्नरमधून जाताना वाफ होते, आणि ती वाफ निपलच्या बारीक भोकातून बाहेर पडून हवेत मिसळून निळी जळते. बर्नर थंड असेल, तर वाफेऐवजी घासलेटची चिळकांडीच बाहेर येते आणि दीड-दोन फूट उंच पिवळी ज्वाळा उठते.

घरात बर्नरखालच्या वाटीतले स्पिरिट दीड-दोन मिनिटे सरळ वर जळते आणि बर्नर चारी बाजूंनी तापतो. वाऱ्यात तीच ज्योत आडवी होते. बर्नरची एक बाजू तापते, दुसरी थंड राहते, आणि स्पिरिट लवकर संपते. आपण घरच्या सवयीने तेवढाच वेळ थांबतो आणि पंप मारतो.

उपाय साधा आहे. आडोसा आधी लावावा, मग पेटवावे. वाटीत स्पिरिट ओतण्यापेक्षा काकडा स्पिरिटमध्ये भिजवून, निथळून, बर्नरच्या दांड्याला अडकवावा, कारण भिजलेल्या काकड्याची ज्योत वाऱ्यात अधिक टिकते आणि स्पिरिट सांडत नाही. काकडा भिजवल्यावर स्पिरिटच्या बाटलीला झाकण लावून ती दहा पावले दूर ठेवल्याशिवाय काडी ओढू नये. या काळात हवेचा स्क्रू उघडा असावा. पहिला काकडा पूर्ण विझला आणि वारा जोराचा असेल, तर काकडा चिमट्याने काढून, गार होऊ देऊन, पुन्हा भिजवून दुसऱ्यांदा लावावा. ज्योत मंदावू लागली की स्क्रू बंद करून दोन-तीनच पंप मारावेत. निळी ज्योत फुत्कारू लागली, तर आणखी पंप मारावेत. पिवळी जीभ दिसली, तर ताबडतोब स्क्रू उघडून दाब सोडावा आणि पहिल्यापासून सुरुवात करावी. पंप मारून पिवळी ज्योत निळी होईल ही समजूत खोटी आहे, कारण जास्त दाबाने आणखी द्रव बाहेर येतो.

पेटवताना चेहरा स्टोव्हच्या वर नसावा आणि वारा आपल्या पाठीकडून किंचित कडेने यावा. पदर, ओढणी, मफलर खोचलेले असावेत आणि अंगात नायलॉनचे जाकीट नसावे. या भागातील अनेक घरांत पंपाच्या स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या आजी, मावशी, काकू यांची आठवण आहे, आणि त्यांतल्या पुष्कळ प्रसंगांत आग आधी कापडाला लागली होती.

8. वाऱ्याने पेटता स्टोव्ह विझला, तर लगेच काडी लावावी का?

लावू नये. ज्योत गेली तरी तापलेला बर्नर घासलेटची वाफ सोडतच असतो, आणि ती आडोशात साठते. आधी हवेचा स्क्रू उघडावा किंवा बाटलीवाल्या स्टोव्हची चावी बंद करावी, पांढरी वाफ दिसेनाशी होईपर्यंत थांबावे आणि आडोशाची एक बाजू हलवून हवा खेळू द्यावी. त्यानंतर बर्नर अजून पुरेसा गरम असेल, तर थोडा दाब देऊन लांब काडीने बाजूने पेटवावे.

गरम बर्नरवर स्पिरिट ओतणे हा या साऱ्या विषयातला सर्वांत घातक प्रकार आहे. न दिसणाऱ्या ज्योतीवर किंवा तापलेल्या पितळेवर स्पिरिट पडताच ते पेटते आणि आग धारेवरून हातातल्या बाटलीपर्यंत येते. बर्नर थंड झाल्याची खात्री झाल्यावरच प्रश्न 7 मधील कृती नव्याने करावी.

9. काकड्यासाठी सॅनिटायझर चालतो का?

अडीअडचणीला जळतो, पण त्यात पाण्याचा अंश बराच असल्याने बर्नर पुरेसा तापत नाही आणि मागे चिकट थर राहतो. शिवाय त्याचीही ज्योत दिवसा दिसत नाही. त्यापेक्षा काकडा घासलेटातच भिजवावा. काजळी धरते, पण ज्योत डोळ्यांना दिसते.

10. ज्योत पिवळी राहते आणि भांडी काळी होतात. दोष वाऱ्याचा की स्टोव्हचा?

पत्रा पूर्ण बाजूला करून, वारा पडलेला असताना पाहावे. तेव्हा ज्योत निळी झाली, तर आडोसा फार जवळ होता आणि स्टोव्हला हवा पुरत नव्हती. तरीही पिवळीच राहिली, तर निपलमध्ये कचरा आहे किंवा निपलचे भोक वारंवार पिन मारून मोठे झाले आहे. पहिल्या दोषावर पिन मारावी, दुसऱ्यावर निपल बदलावे. घासलेट भरताना पातळ सुती कापडातून गाळून घेतले, तर कचऱ्याची तक्रार सहसा येत नाही.

11. दोन दिवसांसाठी घासलेट किती न्यावे?

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, आणि येथे पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांना उकळते. लीटरभर पाणी 25 अंशांवरून तेथपर्यंत नेण्यास सुमारे 73 किलोकॅलरी उष्णता लागते. एक मिलीलीटर घासलेटात आठ किलोकॅलरींच्या आसपास उष्णता असते, पण तिच्यातील निम्मी भांड्याबाहेर जाते. म्हणजे शांत हवेत लीटरमागे अठरा-वीस मिलीलीटर पुरते. वाऱ्यात आडोसा नसेल, तर हाच खर्च दुप्पट-तिप्पट होतो, आणि भांड्यावर झाकण नसेल तर त्याहूनही वाढतो. चौघांना दोन दिवसांचा चहा, भात आणि आमटी धरून अर्धा ते पाऊण लीटर घेतले, तर कमतरता पडू नये.

12. पावसात किंवा सोसाट्याच्या वाऱ्यात तंबूच्या आत स्टोव्ह पेटवता येईल का?

नाही. तंबूचे पॉलिएस्टर किंवा नायलॉन कापड भडक्याच्या एका झटक्यात वितळून अंगावर पडते. त्याहून कपटी आहे अपुऱ्या ज्वलनातून निघणारी कार्बन मोनॉक्साइड ही विषारी हवा. तिला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी ती ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधली जाते. डोके जड होणे, मळमळ आणि झोप येणे ही लक्षणे दिवसभराच्या चालीच्या थकव्यासारखी वाटतात, म्हणून माणूस आडवा होतो आणि उठत नाही. असे वाटल्यास स्टोव्ह बंद करून सर्वांनी लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि त्रास झालेल्याला दवाखान्यात न्यावे.

देवळाची ओवरी किंवा समोरून पूर्ण उघडी गुहा चालू शकते, पण तोंड लहान असलेली कपार चालत नाही. तंबूच्या दारातील पडवीबद्दलही आमचे मत प्रतिकूलच आहे, कारण आपल्या सह्याद्रीत तेथे स्वयंपाक करण्याइतकी निकड सहसा येत नाही. हिमालयातील परिस्थिती प्रश्न 19 मध्ये पाहावी.

13. स्वयंपाक चालू असताना टाकी संपत आली, तर वरून घासलेट भरता येईल का?

येणार नाही. स्टोव्ह विझवावा, दाब पूर्ण सोडावा, पंधरा-वीस मिनिटे गार होऊ द्यावा, आणि मगच नरसाळे लावून भरावा. भरण्याच्या जागेपासून वारा जिकडे वाहतो, त्या बाजूला चूल, विडी किंवा दुसरा पेटता स्टोव्ह नसावा. टाकी तीन चतुर्थांशच भरावी, कारण हवेला जागा नसेल, तर दाब धरत नाही आणि तापल्यावर द्रवाला फुगायला वाव उरत नाही. चहाच्या आधी टाकी पाहण्याची सवय लावून घेतली, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

14. घासलेट कशात न्यावे, आणि बस, रेल्वे किंवा विमानातून नेता येते का?

घट्ट फिरकीच्या झाकणाच्या धातूच्या बाटलीत न्यावे आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत देण्यास पंपावर नकार मिळतो आणि तो योग्यच आहे. पाण्याच्या बाटलीत घासलेट ठेवणे तर कटाक्षाने टाळावे, याचे कारण प्रश्न 17 मध्ये आहे.

एसटीत आणि कर्नाटक परिवहनाच्या बसमध्ये ज्वालाग्राही पदार्थ नेण्यास मनाई आहे. रेल्वेत तो गुन्हा आहे. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 164 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लोंढ्याला किंवा कॅसलरॉकला रेल्वेने जाणाऱ्यांनी इंधन न नेता मुक्कामाच्या गावी सोय करावी. विमानात इंधन पूर्ण निषिद्ध आहे, आणि वापरलेला स्टोव्ह नेण्यासाठी तो आतून स्वच्छ, वास न येणारा असावा लागतो व विमान कंपनीची परवानगी लागते.

15. भीमगड, कणकुंबी, जांबोटीच्या जंगलात स्टोव्ह पेटवण्यास परवानगी आहे का?

भीमगड हे अभयारण्य आहे, आणि तेथे प्रवेशासाठीच वनखात्याची परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 30 नुसार अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणे किंवा पेटती सोडणे निषिद्ध आहे. परवानगी घेतानाच स्टोव्हबद्दल स्पष्ट विचारावे आणि नाही म्हटले तर वाद घालू नये.

अभयारण्याबाहेरही दिवाळीनंतर गवत वाळते, ते पहिल्या पावसापर्यंत. या महिन्यांत वारा आणि स्टोव्ह एकत्र आले की वणव्याची भीती असते. आम्ही एक खूण पाळण्यास सांगतो : वाऱ्याने धूळ आणि पाचोळा उडू लागला, म्हणजे वेग साधारण ताशी 20 ते 28 किलोमीटर झाला, तर वाळल्या गवताच्या माळावर स्टोव्ह पेटवूच नये, मग आडोसा कितीही चांगला असो. जळकी काडी खाली न टाकता डबीत परत ठेवावी.

16. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर यात्रेत शेकडो कुटुंबे शेजारी शेजारी स्वयंपाक करतात. तेथे काय काळजी घ्यावी?

पौर्णिमेच्या यात्रेत तुमचा स्टोव्ह जितका महत्त्वाचा, तितकाच शेजाऱ्याचाही असतो. वाऱ्याच्या दिशेला कोण बसले आहे, ते आधी पाहावे. तुमच्या भडक्याची झळ त्यांच्या ताडपत्रीला लागणार आहे आणि वरच्या अंगाला बसलेल्यांची तुम्हाला. गाडीच्या इंधनटाकीजवळ, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा तिच्याखाली स्टोव्ह मांडू नये. लहान मुलांसाठी स्टोव्हभोवती दगडांची खूण करून घ्यावी आणि एका मोठ्या माणसाने फक्त स्टोव्हकडे पाहण्याचे काम करावे.

नैवेद्याच्या मोठ्या पातेल्याबद्दल वेगळी सूचना आहे. बर्नरच्या दुपटीहून फार रुंद पातेले पितळी स्टोव्हवर ठेवल्यास त्याचा तळ उष्णता खाली टाकीकडे परतवतो, आणि आडोसा लांब असूनही टाकी तापते. पंधरा-वीस माणसांचा भात एकदम न करता दोन घाणे करावेत.

17. कोणी चुकून घासलेट प्यायले, तर काय करावे?

ओकारी काढू नये. घासलेट पोटापेक्षा फुप्फुसात अधिक घातक असते, आणि ओकारीत तेच तेथे उतरते. मीठपाणी पाजू नये. तोंड पुसून, रुग्णाला बसते ठेवून, खोकला आला नाही तरी लगेच रुग्णालयात न्यावे. उन्हातून आलेल्या तहानलेल्या मुलाने पाण्याची म्हणून बाटली तोंडाला लावणे, हेच बहुधा कारण असते.

18. सगळी काळजी घेऊनही भडका उडाला, तर?

पहिले काम माणसांना दूर करण्याचे. पेटता स्टोव्ह उचलून पळू नये आणि लाथेनेही उडवू नये, कारण सांडलेले घासलेट आग पसरवते. घासलेटच्या पितळी स्टोव्हचा हवेचा स्क्रू ज्योतीबाहेर असेल आणि हात पोहोचत असेल, तर तो उघडावा, दाब जाताच ज्वाळा बसते. हात पोहोचत नसेल, तर माती, वाळू किंवा पूर्ण भिजलेले पोते टाकावे. म्हणून प्रत्येक वेळी स्टोव्हशेजारी घमेलेभर माती ठेवूनच काडी ओढावी. पाणी ओतू नये, जळते तेल पाण्यावर तरंगत पसरते. टाकीच आगीत वेढली गेली असेल, तर काहीही न करता सर्वांनी लांब जावे. स्टोव्ह जाऊ द्यावा.

कपड्यांनी पेट घेतला, तर पळू नये. जमिनीवर पडून लोळावे किंवा इतरांनी जाड सुती चादर वा घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या भागावर साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. डोंगरावर पाणी कमी असेल, तर भांड्याने संथ ओतत राहावे. अंगठ्या आणि बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, पण चिकटलेले कापड ओढू नये. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून 108 किंवा 112 वर कळवावे. चेहरा, हात किंवा सांध्यावरची भाजणी लहान दिसली, तरी डॉक्टरांना दाखवावी.

19. हिमालयात बर्फावर हाच स्टोव्ह चालेल का?

चालेल, आणि कडाक्याच्या थंडीत गॅसपेक्षा तो भरवशाचा असतो, पण येथले चार नियम तेथे बदलतात. पहिले म्हणजे स्टोव्हखाली प्लायवूडचा तुकडा हवा, नाहीतर खालचे बर्फ वितळून स्टोव्ह कलंडतो. दुसरे म्हणजे शून्याखाली वीस अंशांना पेट्रोल द्रवच असते, आणि ते हातावर सांडले तर क्षणात हिमदंश होऊ शकतो, म्हणून भरताना हातमोजे घालावेत. तिसरे म्हणजे बर्नर तापायला येथल्या दुप्पट वेळ धरावा. पंपातील चामडी वॉशर थंडीने आखडून दाब धरत नसेल, तर तो काढून बोटांनी मऊ करून, थोडे यंत्राचे तेल लावून परत बसवावा. मोसमभर माळ्यावर पडलेल्या स्टोव्हलाही हाच उपाय निघण्याच्या आदल्या दिवशी करावा.

चौथी गोष्ट तंबूची. उंचावरच्या वादळात अनुभवी गिर्यारोहक तंबूच्या पडवीत पाणी वितळवतात, कारण तेथे पाण्यावाचून जीव जाऊ शकतो. त्या वेळी स्टोव्ह बाहेर पेटवून, निळा झाल्यावरच पडवीत घेतात, वरची आणि खालची झडप उघडी ठेवतात आणि कोणीही झोपत नाही. विरळ हवेत ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड अधिक बनते, म्हणून बर्फ वितळताच स्टोव्ह बाहेर काढतात. भांड्यात बर्फ टाकण्याआधी तळाशी कपभर पाणी असावे, नाहीतर तळ जळतो. चार हजार मीटरवर पाणी साधारण 86-87 अंशांना उकळते. तेथे उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही आणि तिच्यापायी इंधन मात्र संपते, म्हणून छोटा कुकर न्यावा किंवा डाळ बेळगावातच भाजून तिचे पीठ करून घ्यावे.